कामाचा क्रम आणि यंत्राची निवड



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, इतिहास, वाङ्मय आणि राजकारण यांची चर्चा जेथे चालते तेथे हा दुकानदारीचा विषय कशाला? धंद्यातील कामे आपोआप चालवणारे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हे ज्याच्या त्याच्या पेढीवर ठरवण्याचे काम. परंतु महिन्याच्या पहिल्या तारखेला ज्याचा पगार खात्यात जमा व्हायचा राहिला, त्याला हा विषय रूक्ष वाटत नाही. कारण तो पगार हल्ली कोणी कारकून मोजून देत नाही. रात्री सगळे झोपलेले असताना एक यंत्र ठरलेल्या क्रमाने कामे करीत जाते, आणि त्या क्रमातील एक कडी तुटली की तिच्यापुढील सारी माणसे सकाळी हात चोळीत बसतात. म्हणून ही निवड कशी करावी, याविषयी चार गोष्टी आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. बाजारात दोन नावे ऐकू येतात : ‘वर्कलोड ऑटोमेशन’ आणि ‘वर्कफ्लो ऑटोमेशन’. नावे जुळ्या भावांसारखी असली तरी प्रकृती निराळ्या आहेत. पहिल्याचा संबंध यंत्राच्या कामांशी आहे. दिवसभराच्या विक्रीची बेरीज करणे, ती हिशेबात चढवणे, व्याज आकारणे, पगाराची यादी बँकेकडे पाठवणे, सर्व नोंदींची प्रत काढून ठेवणे, ही कामे संगणक स्वतःच करतो. ती कोणत्या वेळी, कोणत्या कामानंतर आणि कोणती गोष्ट घडल्यावर सुरू करावयाची, एवढे सांभाळणारा मुकादम म्हणजे हे पहिल्या प्रकारचे सॉफ्टवेअर. दुसऱ्याचा संबंध माणसांच्या कामांशी आहे. रजेचा अर्ज, खरेदीची मागणी, पुरवठादाराचे बिल हा कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर कसा जावा, कोणाची मंजुरी लागावी, तो कोणाकडे किती दिवस पडून राहिला, हे पाहणारा शिपाई म्हणजे दुसऱ्या प्रकारचे सॉफ्टवेअर.

यांतील पहिली कल्पना नवी नाही. १९६४ साली आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्यासाठी, कोणते काम कोणत्या सामग्रीवर आणि कोणत्या क्रमाने चालवावे हे यंत्राला सांगण्याकरिता एक स्वतंत्र भाषाच तयार झाली. पुढे १९७० नंतरच्या दशकात युनिक्स प्रणालीत ‘क्रॉन’ नावाची सोय आली. अमुक वाजता अमुक काम करावे, एवढी एक ओळ लिहून ठेवली की काम पुरे. परंतु घड्याळ लावणे वेगळे आणि क्रम सांभाळणे वेगळे. रात्री अकराला बेरीज आणि बाराला व्याजाची आकारणी असे घड्याळाने ठरवले, आणि बेरजेलाच सव्वाबारा वाजले, तर व्याज अर्धवट आकड्यांवर आकारले जाईल. ‘बारा वाजता’ असे न म्हणता ‘बेरीज बिनचूक पुरी झाल्यावर’ असे म्हणता आले पाहिजे. सामान्य घड्याळी सोय आणि खरे वर्कलोड सॉफ्टवेअर यांच्यातील भेद तो हाच.

आता ही कडी तुटली म्हणजे काय होते, याचे एक जाहीर उदाहरण पाहू. २०१२ सालच्या जून महिन्यात इंग्लंड-स्कॉटलंडमधील रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड या समूहाने रात्रीची कामे लावून देणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. तो दिवस रविवारचा, १७ जूनचा. त्यानंतर कामांत अडथळे दिसू लागले, तेव्हा मंगळवारी नवी आवृत्ती काढून जुनी परत आणण्याचे ठरले. परंतु मागे फिरल्यास काय होईल, हे आधी करून पाहिलेले नव्हते. नव्या-जुन्या आवृत्त्यांचे एकमेकींशी जुळले नाही, आणि रात्रीची कामे कोलमडली. ब्रिटनमधील ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ लागली. लोकांना खात्यातील शिल्लक कळेना, घराच्या कर्जाचे हप्ते वेळेवर जाईनात, परदेशी गेलेल्यांना पैसे मिळेनात, काही संस्थांना आपल्या नोकरांचे पगार देता येईनात. त्याच समूहातील अल्स्टर बँकेच्या ग्राहकांचे हाल तर जुलै उजाडला तरी संपले नव्हते. २०१४ सालच्या नोव्हेंबरात तेथील दोन नियामक संस्थांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला.

यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट कोणती? सॉफ्टवेअर भिकार होते, असे नाही. बँक गरीब होती, असेही नाही. मोडल्यावर सावरायचे कसे, याचा विचार आणि सराव आधी झालेला नव्हता. म्हणून आमचे आजचे मुख्य सांगणे हे की, असे सॉफ्टवेअर ते सुरळीत चालत असताना किती सुंदर दिसते यावरून निवडू नये. ते अडते त्या दिवशी कसे वागते, यावरून निवडावे. विक्रेता दाखवतो तो नेहमी चांगला दिवस असतो. वाईट दिवस आपण होऊन मागून घ्यावा लागतो.

परंतु त्याही आधीची एक पायरी आहे. आमच्या ओळखीचे एक धान्याचे घाऊक व्यापारी आहेत. त्यांनी मोठ्या हौसेने एक सॉफ्टवेअर घेतले आणि त्यांना वाटले की आता महिनाअखेर चुटकीसरशी उरकेल. पहिलीच महिनाअखेर आली आणि एका जुन्या गिऱ्हाइकाला चुकीचे बिल गेले. त्यांनी आपल्या दिवाणजींना विचारले, “दिवाणजी, हे असे कसे झाले?” दिवाणजी शांतपणे म्हणाले, “शेठ, त्यांच्या मालातली तूट आपण नेहमी दहा तारखेनंतर वळती करतो. तीस वर्षं मीच करतोय. पण हे मला कोणी विचारलंच नाही.” येथेच घोडे पेंड खाते! धंद्याचा खरा क्रम कोणत्याही कागदावर नव्हता. तो एका माणसाच्या डोक्यात होता. तो बाहेर काढण्यापूर्वी यंत्र आणणे म्हणजे आधी कळस मग पाया.

यासाठी खरेदीला निघण्यापूर्वी एक महिनाभर साधी वही घालावी. तीत प्रत्येक कामापुढे पाच गोष्टी लिहाव्यात : ते कोण करतो, केव्हा करतो, कशाच्या नंतर करतो, त्याला किती वेळ लागतो, आणि ते चुकले तर कोणाचे अडते. ही वही मालकाने नव्हे, काम करणाऱ्याने लिहावी. महिन्याच्या शेवटी तिच्यावरून नजर फिरवली की आपली खरी अडचण कोणती ते दिसू लागते. अडचण कागद मेजावर पडून राहण्याची असेल, तर रात्रीची कामे चालवणारे मोठे सॉफ्टवेअर घेऊन उपयोग नाही. उलट रात्रीच्या कामांचा क्रम चुकत असेल, तर मंजुरीचा सुबक तक्ता काय कामाचा? आणि पुष्कळदा असेही आढळते की, दोन-चार कामे मुळातच अनावश्यक आहेत. ती यंत्राकडे सोपवू नयेत, बंद करावीत.

वही हाती आल्यावर विक्रेत्याला विचारावयाचे प्रश्न आपोआप तयार होतात. त्यांतील पाच आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटतात.

पहिला प्रश्न पंचांगाचा. आपल्याकडे बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. २०१५ सालच्या सप्टेंबरपासून हा नियम आहे. वस्तू व सेवा कराची विवरणे दरमहा भरणाऱ्याला ११ आणि २० या तारखा पाळाव्या लागतात. त्यांत दिवाळी, गणेशोत्सव आणि गावच्या बाजाराची सुट्टी. ‘महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस’ किंवा ‘सुट्टी आल्यास आदल्या दिवशी’ असे त्या सॉफ्टवेअरला साध्या रीतीने सांगता येते काय? येत नसेल, तर दरमहा कोणाला तरी ते हाताने सांगावे लागेल. मग स्वयंचलन ते कसले?

दुसरा प्रश्न तुटलेल्या कडीचा. समजा, ३०० कामगारांचे पगार जमा होत आहेत आणि १८० झाल्यावर वीज गेली. पुन्हा सुरू करताना यंत्र १८१व्या नावापासून निघते की पहिल्यापासून? पहिल्यापासून निघाले तर १८० जणांना दुप्पट पगार मिळेल, आणि तो परत मागण्याइतके अप्रिय काम दुसरे नाही. हा प्रयोग विक्रेत्याला आपल्या डोळ्यांदेखत करावयास सांगावा.

तिसरा प्रश्न हाकेचा. काम अडले तर सूचना कोणाला जाते? ती व्यक्ती रजेवर असेल तर पुढे कोणाला? आणि दिवसाला शंभर बिनमहत्त्वाच्या सूचना तर येत नाहीत ना? लांडगा आला रे आला, असे रोज ओरडणाऱ्याकडे गावकरी शेवटी लक्ष देत नाहीत.

चौथा प्रश्न विश्वासाचा. ज्याने बिल चढवले त्यानेच ते मंजूर करावे, अशी वाट मोकळी राहता कामा नये. एकाने करावे आणि दुसऱ्याने तपासावे, ही जुन्या पेढ्यांची रीत यंत्रातही हवी. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहिली पाहिजे आणि ती पुसता येता कामा नये. कंपन्यांच्या बाबतीत ही केवळ सद्‌वर्तनाची गोष्ट नाही. १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा नोंदीची सोय असणे कायद्यानेच बंधनकारक झाले आहे.

पाचवा प्रश्न निरोपाचा. उद्या हे सॉफ्टवेअर सोडावयाचे ठरले, तर आपल्या नोंदी आणि आपण लिहिलेले नियम बाहेर काढून दुसरीकडे नेता येतील काय? सोयरीक जमवताना काडीमोडाची गोष्ट काढणे अशुभ असेल. व्यवहारात मात्र ती आधीच काढलेली बरी. त्याच बैठकीत किंमत कशावर आकारली जाते तेही विचारावे. कोणी वापरणाऱ्या माणसांवर आकारतो, कोणी दररोज चालणाऱ्या कामांच्या संख्येवर. धंदा दुप्पट झाला तर बिल किती होईल, हे आजच लिहून घ्यावे.

आता, कोणासाठी काय योग्य? मोठ्या बँका आणि विमा कंपन्या यांच्याकडे रात्रीत हजारो कामे चालतात. त्यांच्यासाठी ‘कंट्रोल-एम’ किंवा ‘ऑटोसिस’ यांसारखी भारदस्त साधने आहेत. ‘एअरफ्लो’ हे साधन २०१४ साली एअरबीएनबी कंपनीत सुरू झाले आणि पुढे अपाचे संस्थेच्या छत्राखाली आले; ते सर्वांना मोफत खुले आहे. परंतु ते चालवण्यास पायथन ही संगणकाची भाषा जाणणारा माणूस पदरी असावा लागतो. फुकटची गाय मिळाली तरी वैरण विकतच घ्यावी लागते. कागदांच्या प्रवासासाठी ‘पॉवर ऑटोमेट’सारखी साधने आहेत, त्यांत बरेचसे नियम चित्रे जोडल्याप्रमाणे मांडता येतात. आणि पाच-दहा माणसांच्या पेढीला यांतील काहीही न घेता भागू शकेल. विंडोज प्रणालीत वेळेवर काम सुरू करून देणारी सोय मुळातच असते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही काही सोयी असतात. त्या न वापरता दारी हत्ती बांधण्यात शहाणपण नाही.

निवड झाल्यावरही घाई नको. निदान एक महिनाअखेर जुनी रीत आणि नवे यंत्र शेजारी शेजारी चालवावे आणि दोहोंचे आकडे ताडून पाहावेत. त्याच काळात एकदा मुद्दाम मागे फिरून पाहावे. नवे बंद करून जुन्यावर येता येते की नाही, ते पडताळावे. त्या बँकेने जे मंगळवारच्या गडबडीत केले, ते आपण निवांत दिवशी करावे.

शेवटी एका शंकेला उत्तर दिले पाहिजे. दिवाणजींनी आपल्या डोक्यातील क्रम वहीत उतरवून दिला, की त्यांची गरज संपली, असे होणार नाही काय? ही भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या मालकाच्या मनात तसे असेल, त्याला त्याचे नोकर खरी वही कधीच लिहून देणार नाहीत, आणि मग त्याचे यंत्र त्या धान्याच्या पेढीवरील यंत्राप्रमाणेच चुकीची बिले पाठवील. उलट, जो मालक आरंभीच सांगेल की, “रोजची घोकंपट्टी यंत्राकडे जाईल, तुम्ही त्याच्यावर देखरेख करा, आणि तुमचे काम कोणते राहील ते आपण आजच ठरवू,” त्याला वही पुरी मिळेल. कारण यंत्राला क्रम कळतो. त्या क्रमामागील कारण मात्र माणसालाच ठाऊक असते. आमच्या त्या व्यापाऱ्यांनी दुसऱ्या महिन्यात दिवाणजींच्या शेजारी खुर्ची ओढली आणि वही उघडली. खरेदी खरी तेव्हा सुरू झाली.