विजेचा काटा आणि घरची वही

पेढीवरील काटा हा व्यापाऱ्याच्या पतीचा पहिला साक्षीदार होय. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'हीनाधिकमानोन्मान' हा एक आहे. देताना माप उणे व घेताना अधिक, असा त्याचा आशय. शासनानेही हा दोष दंडनीय मानला असून दुकानातील वजने-मापे ठरलेल्या मुदतीने तपासून त्यांवर मुद्रा उठवून घ्यावी लागते. परंतु दुकानात निदान गिऱ्हाईक समोर उभे असते व काट्याचा कल त्याला दिसतो. घराच्या भिंतीवरील विजेच्या मीटराचे तसे नाही. तेथे माल डोळ्यांना दिसत नाही, काटा बहुधा विकणाराचाच, मोजणाराही तोच आणि बिल लिहिणाराही तोच. असा काटा बदलून नवा येतो, तेव्हा घेणाऱ्याने चौकशी करावी यात गैर ते काय?

आमच्या इंदूर शहरात स्मार्ट मीटर बसविण्यास २०१९ साली प्रारंभ झाला. हा मीटर घरी आला, त्या दिवशी आम्ही दोन गोष्टींचा आग्रह धरला. जुन्या मीटराचा शेवटचा आकडा व नव्याचा पहिला आकडा कागदावर लिहून घेतला, त्यावर बसविणाऱ्या कारागिराची सही घेतली आणि दोन्ही मीटरांची छायाचित्रे काढून ठेवली. कारागीर थोडा कुरकुरला. पण जुन्या वहीची शिल्लक नव्या वहीत ओढल्याखेरीज कोणता मुनीम नवे पान उघडतो?

जुन्या व नव्या मीटरातील अंतर आमच्या वाचकांना कीर्द-खतावणीच्या भाषेत चटकन समजेल. जुना मीटर म्हणजे नुसती खतावणी. महिन्याअखेरीस एक आकडा, बाकी काही नाही. नवा मीटर कीर्द लिहितो. दर १५ वा ३० मिनिटांस किती वीज खर्च झाली याची नोंद तो ठेवतो व ती बिनतारी मार्गाने कंपनीच्या संगणकाकडे धाडतो. हीच कीर्द ग्राहकाला मोबाईलवरील ॲपमध्ये पाहता येते. वीज दुरूनच तोडण्याची व जोडण्याची सोयही त्यात आहे, आणि ती कोणाच्या सोयीची हे सांगावयास नको.

नवा मीटर 'पळतो', ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिच्यात भ्रम किती व तथ्य किती, हे शांतपणे पाहिले पाहिजे. जुन्या चकतीच्या मीटरात घर्षणामुळे अगदी अल्प भारावर चकती हलतच नसे. दूरदर्शन संचाची पेटी, इंटरनेटचे यंत्र, भिंतीत खुपसून ठेवलेला चार्जर हे सारे फुकट चालल्यासारखे होते. केवळ १० वॅटचे एखादे यंत्र अहोरात्र चालू राहिले, तर ३० दिवसांत ७.२ युनिटे खाते. अशी तीन-चार यंत्रे आज कोणत्या घरी नाहीत? तेव्हा बिलातील काही वाढ ही पूर्वी न लिहिलेल्या खर्चाची नोंद असू शकते.

परंतु सगळीच वाढ अशी समजून गप्प बसणेही योग्य नव्हे. घरच्या घरी एक स्थूल परीक्षा करता येते. मीटराच्या दर्शनी भागावर एक लहान दिवा लुकलुकतो व एका युनिटास तो किती वेळा लुकलुकेल हा आकडा तेथेच छापलेला असतो. समजा, तो ३२०० आहे. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून १००० वॅटची पाणी तापविण्याची कांडी बादलीत बुडवून चालू करावी व घड्याळ लावून पाच मिनिटे मोजावे. सुमारे २६७ लुकलुक झाली पाहिजेत. (इस्त्री घेऊ नये, ती तापली की आपोआप बंद होते.) व्होल्टेज कमी-अधिक असल्यास संख्येत बराच फरक पडू शकतो, म्हणून शेकडा दोन-चारांची चूक या परीक्षेत उमगणार नाही. मात्र दीडपट-दुपटीने धावणारा मीटर तिच्यातून लपत नाही.

याउपर संशय उरला, तर कायद्याचा आधार आहे. ग्राहक-हक्कांच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारणा झाली. तीनुसार, मीटराचा आकडा प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांच्या आत दुसरा मीटर जोडून द्यावा व किमान तीन महिने दोहोंचा ताळा पाहावा. हा हक्क किती घरांस ठाऊक आहे? तक्रार तोंडी करू नये. लेखी द्यावी व पोच घ्यावी.

या अविश्वासाचा भडका कसा उडतो हे मे २०२४ मध्ये बडोद्यास दिसले. तेथे मीटर स्मार्टच नव्हे, तर आगाऊ पैसे भरावयाचे होते. पैसे भराभर सरतात असे म्हणत लोक रस्त्यावर आले आणि मीटर बसविण्याचे काम थांबवावे लागले. पुढे जूनमध्ये सामान्य ग्राहकांस प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत, असे महाराष्ट्र शासनास जाहीर करावे लागले. आमच्या मते मीटराच्या यंत्रणेपेक्षा ही रीतच लोकांस अधिक खुपली. उधारीवर चालणाऱ्या बाजारात गिऱ्हाइकाकडून एकाएकी रोख आगाऊ मागणारा दुकानदार, माल चोख असला तरी, अप्रिय होतोच.

मोठ्या कुटुंबांनी आणखी एका कलमाकडे लक्ष द्यावे. नवा मीटर महिन्यातील कमाल भारही टिपतो. लग्नकार्यात चार वातानुकूलन यंत्रे एकदम चालली की मंजूर भाराची मर्यादा ओलांडली जाते. २०२३ च्या नियमांप्रमाणे त्या महिन्याचे बिल प्रत्यक्ष भारावर निघेल; परंतु आर्थिक वर्षात निदान तीनदा मर्यादा ओलांडल्याखेरीज मंजूर भार वाढविता येत नाही, आणि मीटर बसण्यापूर्वीच्या काळाचा दंड तर आकारताच येत नाही.

आता लाभाची बाजू. आमच्या राज्याच्या नियामक आयोगाने २०२५-२६ च्या दरपत्रकात, १० किलोवॅटपर्यंत भार असलेल्या स्मार्ट मीटरधारक ग्राहकांस सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील विजेच्या आकारावर २० टक्के सूट दिली. दिवसा सूर्यप्रकाशापासून वीज मुबलक निर्माण होते, हे त्याचे कारण. वाचताना आम्हांस हसू आले. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, पाणी दिवसा उकळून ठेवतात व रात्री चूल थंड असते, त्यांना आयोगाने नवे काय सांगितले? तरीही सूट सगळी पदरात पडत नाही. आमच्या घरची कीर्द पाहता सकाळी ६ ते ८ चा गीझर हाच मोठा खर्च निघाला. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट संपते, आणि ते सुटीच्या वेळेबाहेर. स्नान-पूजेची वेळ काही बदलता येत नाही. म्हणून आम्ही कपडे धुण्याचे यंत्र, पीठ दळण्याची घरघंटी व पाण्याची मोटार ही कामे दुपारी आणली. (विजेत जीव आहे की नाही, हा वाद आचार्यांनी सोडवावा; यतना म्हणून वापर कमी करण्यास कोणाचाच विरोध नसावा.)

आमच्या गल्लीतील एका किराणा व्यापारी बंधूंनी घरच्या बिलाबद्दल लेखी तक्रार केली आहे. बऱ्याच हेलपाट्यांनंतर त्यांच्याकडे दुसरा मीटर जोडला गेला. दररोज रात्री दुकानाचा रोजमेळ झाला, की ते दोन्ही मीटरांचे आकडे त्याच वहीच्या मागील पानावर उतरवून ठेवतात. पहिल्या दोन महिन्यांत फरक नगण्य आहे; तिसरा महिना अद्याप पुरा व्हावयाचा आहे, आणि तोवर जुन्या बिलाची वादग्रस्त रक्कम त्यांनी वहीत 'उचंत' खात्यावर धरली आहे.