विश्लेषण : तिजोरी महापालिकेची, मग निधी फक्त सत्ताधारी आमदारांनाच का?

मुंबई महापालिकेचा पैसा कुठे खर्च व्हावा, यावरून गेली चार वर्षे वाद सुरू आहे. आमच्या मतदारसंघांतील गटारे, पायवाटा, व्यायामशाळा, समाजमंदिरे आणि शौचालये यांच्या वाट्याला काहीच आले नाही, अशी विरोधी पक्षांची तक्रार आहे. त्यातले राजकारण बाजूला ठेवले तरी एक प्रश्न उरतो. मालमत्ता कर सगळ्याच मुंबईकरांकडून घेतला जातो, तर खर्चाची वाटणी आमदाराचा पक्ष पाहून होऊ शकते का?

वादाची सुरुवात कुठून?

७ मार्च २०२२ रोजी महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि आयुक्त इक्बालसिंह चहल प्रशासक झाले. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, प्रभागांची संख्या आणि न्यायालयीन याचिका यांत निवडणूक अडकली. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हायलाच हवी, असे राज्यघटनेतील २४३-यू हे कलम सांगते. प्रत्यक्षात मुंबईकरांना पुढचे मतदान करायला जानेवारी २०२६ उजाडावे लागले.

मधल्या काळात स्थायी समिती नव्हती, प्रभाग समित्या नव्हत्या, नगरसेवक नव्हते. एरवी आयुक्त अर्थसंकल्प मांडतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते आणि सभागृह त्यावर चर्चा करून मंजुरी देते. प्रशासकाच्या काळात मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. ‘आयुक्तांनी आयुक्तांना प्रस्ताव पाठवला आणि आयुक्तांनी तो मान्य केला’ हा विनोद तेव्हा महापालिका मुख्यालयात चालायचा, तो उगाच नव्हे.

पाचशे कोटींचे प्रकरण काय?

चहल यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये ५२,६१९ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला. त्यानंतर काही दिवसांतच एक नवे धोरण आले. नगरसेवक नाहीत, म्हणून विभागातील छोट्या नागरी कामांसाठी आमदारांनी मागणी करावी आणि पालकमंत्र्यांच्या संमतीने महापालिकेने पैसा द्यावा, असे ठरले. मुंबईतील ३६ आमदारांसाठी १,२६० कोटींची, म्हणजे प्रत्येकी ३५ कोटींपर्यंतची तरतूद झाली. त्या वेळी शहराचे पालकमंत्री दीपक केसरकर, तर उपनगराचे मंगलप्रभात लोढा होते. दोघेही अर्थातच सत्ताधारी.

जानेवारी २०२४ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने माहिती अधिकारात मिळवलेली कागदपत्रे प्रसिद्ध केली आणि आरोपाला आकडे मिळाले. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२३ या काळात सत्ताधारी पक्षांच्या २१ आमदारांना सुमारे ५०० कोटी रुपये मंजूर झाले होते. विरोधी पक्षांच्या १५ आमदारांपैकी ११ जणांनी निधी मागितला होता. त्यांना मिळालेला आकडा शून्य होता. थोडेफार कमी-जास्त असते तर ‘प्रस्ताव अपुरे होते’, ‘कामे तातडीची नव्हती’ असे म्हणता आले असते. शून्याचा असा खुलासा करणे अवघड जाते.

हा आमदार निधीच नाही का?

नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. महाराष्ट्रात प्रत्येक आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात. तो पैसा राज्य सरकारचा असतो आणि तो पक्ष न पाहता मिळतो. वादातला पैसा मात्र महापालिकेचा, म्हणजे मालमत्ता कर, विकास शुल्क, पाणीपट्टी आणि जकात गेल्यानंतर मिळणारी वस्तू व सेवा कराची भरपाई यांतून जमा झालेला. त्यावर राज्याच्या मंत्र्याने शिफारशीचा शिक्का मारावा, हेच विरोधकांना खटकले. जुलै २०२३ मध्ये लोढा यांना महापालिका मुख्यालयातच दालन दिले गेले, तेव्हा आदित्य ठाकरे यांच्या पक्षाने त्यावरून रान उठवले होते.

या तक्रारीला घटनेचाही आधार आहे. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवण्यासाठी नोंदवले. उद्याने, बागा, क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा त्यांत स्पष्टपणे आहेत. कुठल्या गल्लीत फरशी बसवायची, हा मंत्रालयाने ठरवण्याचा विषय नव्हे, असा त्याचा साधा अर्थ.

मोठ्या खर्चाबद्दल विरोधकांचे म्हणणे काय?

जानेवारी २०२३ मध्ये आदित्य ठाकरे यांनी सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाच्या ६,०८० कोटींच्या निविदांवर आक्षेप घेतला. दर फुगवल्याचा आणि मोजक्याच कंत्राटदारांना काम मिळेल अशी रचना केल्याचा त्यांचा आरोप होता. महापालिकेने तो फेटाळला. मग रस्त्यांवरील बाके, कुंड्या, कठडे यांच्या २६३ कोटींच्या खरेदीवरून वाद झाला. सुमारे १,७०० कोटींच्या सुशोभीकरणात विजेच्या खांबांना गुंडाळलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा तर साऱ्या शहराच्या थट्टेचा विषय झाल्या. या माळांचा खर्च मोठ्या प्रकल्पांच्या तुलनेत किरकोळच, पण त्या दिसतात. तुंबलेले गटार फक्त त्याच्या शेजारी राहणाऱ्यालाच दिसते.

दुसरा आक्षेप मुदतठेवींचा. २०२२च्या सुरुवातीला त्या ९२ हजार कोटींच्या आसपास होत्या. २०२५ पर्यंत ८२ हजार कोटींच्या खाली आल्या. महापालिकेची कष्टाची पुंजी उधळली, असे ठाकरे गट म्हणतो. यावर सत्ताधाऱ्यांचे उत्तर तयार असते आणि ते अगदीच पोकळ नाही. मुंबईचा पैसा बँकांत पडून राहू नये, तो विकासाला लागावा, असे पंतप्रधान नरेंद्र मोदी जानेवारी २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील सभेत म्हणाले होते. शिवाय ठेवींचा मोठा भाग भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, कंत्राटदारांच्या अनामत रकमा अशा देण्यांशी बांधलेला असतो. त्यामुळे ‘एवढे पैसे आहेत, मग दवाखाने का नाहीत’ हा सवाल सभेत टाळ्या मिळवतो, पण तो हिशेब अपुरा आहे. खरी चिंता पुढच्या बोज्याची. २०२५-२६च्या ७४,४२७ कोटींच्या अर्थसंकल्पाबरोबर पालिकेने पायाभूत प्रकल्पांपोटी सुमारे २.३२ लाख कोटींचे दायित्व असल्याचे सांगितले. एवढे डोक्यावर असताना विभागातल्या छोट्या कामांना कात्री लागण्याची भीती राहते.

विरोधकांची बाजू कितपत टिकते?

अडचण अशी की आजचे तक्रारदार कालचे कारभारी आहेत. शिवसेनेने अडीच दशके महापालिका चालवली. राज्य सरकारच्या विनंतीवरून ‘कॅग’ने नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातील सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची तपासणी केली. निविदा न मागवता कामे दिल्याचे आणि करार न करताच कामे सुरू केल्याचे ताशेरे असलेला अहवाल मार्च २०२३ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत मांडला. या काळातील बराच भाग ठाकरे यांच्या सत्तेचा. मात्र शेवटचे काही महिने प्रशासकाचेही होते, हे भाजपचे नेते सहसा सांगत नाहीत.

त्याआधीची गंमत वेगळीच. २०१७ मध्ये भाजपने ८२ जागा जिंकूनही विरोधी पक्षनेतेपद घेतले नाही. ‘पारदर्शकतेचे पहारेकरी’ अशी भूमिका घेतली. विरोधी पक्षनेतेपद काँग्रेसकडे गेले. राज्यात समीकरणे बदलल्यावर २०२० मध्ये भाजपने त्या पदावर दावा सांगितला, तेव्हा उच्च न्यायालयाने तो फेटाळला. काँग्रेसचे शेवटचे विरोधी पक्षनेते रवी राजा पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले. निधीवाटपातील भेदभावाची तक्रार घेऊन उच्च न्यायालयात गेलेले ठाकरे गटाचे आमदार रवींद्र वायकरही मार्च २०२४ मध्ये एकनाथ शिंदे यांच्याकडे गेले. ‘कामे होत नाहीत’ हे पक्ष बदलण्याचे कारण म्हणून महाराष्ट्रात इतक्यांदा ऐकू येते, की अडवलेला निधी हे पक्षफोडीचे हत्यार आहे, हा विरोधकांचा आरोप सहज झटकता येत नाही.

आता काय बदलेल?

१५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. २२७ जागांपैकी भाजपला ८९ आणि शिंदे यांच्या शिवसेनेला २९ जागा मिळाल्या. ठाकरे गट ६५ जागांसह विरोधात बसला, तर काँग्रेसला २४ जागा मिळाल्या. भाजप आणि शिंदे गटाची बेरीज ११८, म्हणजे बहुमताच्या ११४ या आकड्यापेक्षा जेमतेम चार जास्त. स्थायी समितीत सदस्य पक्षीय बलाबलानुसार जातात. त्यामुळे विरोधकांना तिथे भक्कम जागा आहे आणि प्रत्येक मोठा खर्च त्यांच्या नजरेखालून जाईल. कोणत्या प्रभागाला किती पैसा मिळाला हे विचारण्यासाठी आता माहिती अधिकाराचा अर्ज करण्याची गरज नाही. नगरसेवकाने सभागृहात उभे राहून विचारले की प्रशासनाला उत्तर द्यावे लागते.