ई-इंक रीडरवर बाहेरची ॲप: दुकानात वापरायची का, आणि त्याचा धंदा करायचा का?



या आठवड्याच्या व्हिडिओत माझ्या काउंटरवर एक राखाडी स्क्रीनचा टॅब दिसला असेल तुम्हाला. बारा मिनिटांत सगळं सांगून झालं नाही, म्हणून हा लेख. आणि खरं सांगू का, लिहायला बसायचं कारण तो टॅब नाहीच. आपल्या मागच्या बॅचमधला एक मुलगा आहे, मूळचा तासगावचा, पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा देत होता. तो ८०,००० रुपये घालून अशाच यंत्रांचा धंदा सुरू करायला निघाला होता. पैसे वडिलांचे, बेदाण्याचे. त्याच्याकडे येतेच. आधी यंत्र काय आहे ते बघू, कारण त्याचा हिशेब चुकला तो तिथेच.

ई-इंकचा स्क्रीन मोबाइलसारखा आतून पेटत नाही. आत केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण. विजेने कधी काळे वर आणायचे, कधी पांढरे. एकदा पान उमटलं की ते तसंच धरून ठेवायला वीज लागत नाही. म्हणून वाचायला वापरलं तर चार्जिंग कित्येक दिवस पुरतं आणि भर उन्हातसुद्धा अक्षर कागदासारखं दिसतं.

पण कण हलायला वेळ लागतो. पूर्ण पान स्वच्छ बदलायला साधारण अर्धा सेकंद. पुस्तक वाचताना ते जाणवत नाही. ॲपमध्ये मात्र आपण सारखं बोटाने वर-खाली सरकवत असतो, आणि तिथे हा स्क्रीन धापा टाकतो. घाईने बदलायला लावलं की आधीच्या पानाची सावली मागे राहते. तिला घोस्टिंग म्हणतात. मोबाइलची ॲप बनवणाऱ्याने हा स्क्रीन डोळ्यांसमोर ठेवलेलाच नसतो, त्यामुळे ॲप बसलं म्हणजे ते वापरता येईलच असं नाही.

दार कुणी उघडं ठेवलंय?

रीडर घेताना लोक इंच बघतात, मेमरी बघतात. बाहेरची ॲप चालवायची असतील तर आधी हे बघा की कंपनीने दार उघडं ठेवलंय का.

बूक्ससारखी यंत्रं सरळ अँड्रॉइडवर चालतात. प्ले स्टोअर सुरू करता येतं, एपीके फाइल टाकता येते. प्रत्येक ॲपसाठी स्क्रीन किती वेगाने बदलायचा हेही ठरवता येतं, आणि ही सोय फार कामाची आहे. कोबोच्या आत लिनक्स आहे. तिथे मोबाइलची ॲप नाही चालत, पण यूएसबी केबलने ठरावीक फाइली टाकल्या की के-ओ-रीडर नावाचं फुकट वाचन-ॲप बसतं. कुलूप तोडावं लागत नाही.

किंडलमध्येही लिनक्सच आहे, पण दार बंद. गंमत म्हणजे २०१० मध्ये ॲमेझॉनने स्वतःच बाहेरच्या डेव्हलपरसाठी किट जाहीर केलं होतं, शब्दांचे छोटे खेळ वगैरे आले होते. पुढे ते दालन बंद झालं. आज तिथे बाहेरचं काही चालवायचं तर जेलब्रेक करावं लागतं, म्हणजे सॉफ्टवेअरमधली एखादी फट शोधून आत शिरायचं. फट सापडली की कंपनी पुढच्या अपडेटमध्ये ती बुजवते. २०२५ च्या सुरुवातीला विंटरब्रेक नावाची पद्धत आली, तिचंही पुढच्या अपडेटने तेच झालं. म्हणजे एकच मॉडेल, दोन नग. आतलं अपडेट जुनं असेल तर एक उघडणार, दुसरा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

माझ्या दुकानात काय चाललं, काय नाही

माझं स्टेशनरीचं दुकान कराडला. ७.८ इंची अँड्रॉइड रीडर मी सहा महिने काउंटरवर चालवला. सगळ्यात जास्त कामाला आल्या पीडीएफ: होलसेलरचे कॅटलॉग, दरयाद्या, शाळांच्या ऑर्डरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर यांवरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा पहिले काही दिवस प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, दर कमी झाले ना?" नवी यादी त्या स्क्रीनवर कायम उघडी ठेवली होती. स्क्रीन बंद करायची, पुन्हा चालू करायची भानगड नाही, दारातलं ऊन पडलं तरी अडचण नाही. गिऱ्हाइकाकडे वळवून दाखवलं की विषय संपला. गुगल शीटमधला स्टॉकही वाचायला छान. भरायला मात्र नको. कीबोर्डवर एक अक्षर दाबायचं आणि ते उमटायची वाट बघायची, यात सकाळची गर्दी निघत नाही.

उधारीच्या ॲपने मला फटका दिला. त्या ॲपमध्ये येणं लाल आकड्यात आणि जमा हिरव्या आकड्यात दिसायचं. काळ्या-पांढऱ्या स्क्रीनवर लाल आणि हिरवा दोन्ही एकसारखे राखाडी! दुकानातल्या मुलीने एका क्लासवाल्या सरांना सांगितलं, "तुमचे ३,२४० जमा आहेत." प्रत्यक्षात तेवढी बाकी होती. सर खूश, आणखी दोन रिम कागद उधारीवर घेऊन गेले. पैसे नंतर आले, पण त्यासाठी तीन फेऱ्या मारल्या आणि आमच्या दोघांच्या बोलण्यातला मोकळेपणा काही दिवस गेला तो गेलाच. चूक मुलीची नव्हती, ॲपचीही नव्हती. ज्या ॲपची खूण फक्त रंगात आहे ते मी त्या स्क्रीनवर ठेवायलाच नको होतं. (रंगीत ई-इंकही मिळतो आता, पण त्याचे रंग फिके असतात. उधारीसाठी मी त्याच्यावरही विसंबणार नाही.)

यूपीआयचं विचाराल, तर नाही. यूपीआय ॲप सुरू करताना तुमच्या सिममधून एसएमएस जातो आणि खातं त्या यंत्राला बांधलं जातं. ज्या रीडरमध्ये सिमच नाही तिथे हे होणार कसं? बहुतेकांना कॅमेराही नसतो, म्हणजे क्यूआर स्कॅन करणं आलंच नाही. आणि जमलं असतं तरी मी केलं नसतं. या यंत्रांवरचं अँड्रॉइड बऱ्याचदा मागच्या पिढीतलं असतं आणि सुरक्षेचे अपडेट मोबाइलसारखे वेळेवर येतीलच असं नाही. जेलब्रेक किंवा रूट केलेल्या यंत्रावर तर बँकेचं काहीच नको.

तुमच्याकडे असा अँड्रॉइड रीडर असेलच तर आज दोन कामं करा. डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन सगळी ॲनिमेशन बंद करा, निम्मा त्रास तिथे जातो. आणि वाचायच्या ॲपला स्वच्छ मोड, सरकवायच्या ॲपला वेगवान मोड असं वेगवेगळं लावा. वेगवान मोडमध्ये अक्षर थोडं खडबडीत दिसतं, ते चालवून घ्यायचं.

आता तासगावचा मुलगा

त्याची कल्पना ऐकायला झकास होती. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये पोरं दिवसाचे दहा-दहा तास मोबाइलवर पीडीएफ वाचतात. डोळे चुरचुरतात, मध्येच इन्स्टाग्राम उघडतं. याने ठरवलं की जुने ई-इंक रीडर सरासरी ४,००० ला घ्यायचे, जेलब्रेक करून के-ओ-रीडर टाकायचा आणि ६,५०० ला विकायचे. के-ओ-रीडर पीडीएफच्या मोकळ्या कडा कापतो, लहान स्क्रीनवर मजकूर नव्याने मांडायचा प्रयत्न करतो. ए-फोर पानाची पीडीएफ सहा इंचांवर वाचणाऱ्याला हीच सोय हवी असते. "ताई, वीस नग, पन्नास हजार नफा. दोन महिन्यांत पैसे फिरतील."

मी विचारलं, वीसपैकी उघडणार किती? एका नगाला वेळ किती? आणि विकल्यावर फोन कुणाला येणार? तिसऱ्या प्रश्नावर तो हसला. म्हणाला, "फोन कशाला येईल, एकदा सेट केलं की झालं."

तेव्हा मी त्याला वीस नाही, दोनच नग घ्यायला लावले. आपल्या क्लासमधला नियमच आहे तो, नवीन काही नाही.

पहिला नग आला, उघडला, आतलं अपडेट नवं निघालं. पद्धत लागू होईना. विकणाऱ्याने जाहिरातीत मॉडेल लिहिलं होतं, अपडेटचा आकडा कोण लिहितं? आणि याने विचारलाही नव्हता. तो नग ४०० रुपये तोट्यात परत विकला. दुसरा उघडला, पण पहिलीच वेळ असल्याने तीन संध्याकाळी गेल्या.

हा दुसरा नग त्याला मी विकू दिला नाही. अभ्यासिकेतल्या मित्राला १५ दिवस भाड्याने दे म्हटलं, ३०० रुपये घे. मित्र आहे म्हणून फुकट देऊ नकोस, फुकटात सगळ्यांनाच आवडतं. मित्राने दिले तीनशे. नवव्या दिवशी रात्री साडेअकराला फोन. त्याने होस्टेलचं वायफाय जोडलं होतं, रात्रीत यंत्राने आपणहून अपडेट घेतलं आणि के-ओ-रीडर उघडेना. जेलब्रेक करणारे लोक अपडेट अडवायची सोयही करून ठेवतात, या पठ्ठ्याने ती पायरी गाळली होती. वीस नग विकले असते तर त्या रात्री वीस फोन आले असते, आणि परत द्यायला पैसे कुठून आणले असते त्याने?

आणखी एक गोष्ट हळूच बोलता बोलता बाहेर आली. प्रत्येक नगासोबत तो प्रसिद्ध गाईडच्या पीडीएफ "फ्री" देणार होता. मी तिथेच थांबवलं त्याला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३ आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं, त्यात हक्काचं उल्लंघन करण्यासाठी पुस्तकाचं डिजिटल कुलूप तोडणंही गुन्हा आहे. एनसीईआरटीची किंवा बालभारतीची पुस्तकं विद्यार्थ्याला अधिकृत साइटवरून फुकट उतरवता येतात, ती त्याने स्वतः उतरवावीत. आपण ती भरून विकणं हा वेगळा विषय आहे. खुद्द के-ओ-रीडरलाही परवाना आहे, एजीपीएल नावाचा. त्यासकट यंत्र विकायला बंदी नाही, पण परवान्याची प्रत आणि सोर्स कोड मिळण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. फुकट सॉफ्टवेअर म्हणजे बिननियमाचं सॉफ्टवेअर, असा आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे.

पण त्या नऊ दिवसांत एक कामाची गोष्ट कळली. मित्राने त्या रीडरवर पुस्तक एकही वाचलं नव्हतं. त्याने स्वतःच्या हाताने काढलेल्या नोट्स मोबाइलने स्कॅन करून टाकल्या होत्या आणि त्याच पुन्हा पुन्हा वाचल्या होत्या. त्याला अडचण एकच होती, कडा कापून, पानं सरळ करून फाइल नीट बनवणं जमत नव्हतं.

मुलाने धंदा तिकडे वळवला. यंत्र विकायचं नाही. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या रीडरवर त्याच्याच नोट्स नीट बसवून द्यायच्या, एका सेटचे १५० रुपये. किंडल असेल तर कडा संगणकावरच कापायच्या आणि कंपनीच्या सेंड टू किंडलने पाठवायच्या, जेलब्रेकची गरजच नाही. कोबो किंवा अँड्रॉइड असेल तर के-ओ-रीडर टाकून द्यायचा. कुणी हट्टाने जेलब्रेक मागितलाच तर वॉरंटी आणि अपडेटची जोखीम मालकाची, असं आधी लिहून घ्यायचं. असं लिहून द्यायला आजवर कुणीही तयार झालेलं नाही!

पहिल्या महिन्यात ११ ग्राहक झाले. १,६५० रुपये. आकडा छोटा आहे, मान्य. बेदाण्याचे पैसे मात्र, त्या दोन नगांत गेले तेवढे सोडले तर, अजून बँकेत आहेत. आता माझं आणि त्याचं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून चालू आहे. एका सेटला किती मिनिटं लागतात ते तो वहीत लिहीत नाही. कधी म्हणतो चाळीस मिनिटं, कधी म्हणतो दोन तास. दोन तास असतील तर १५० रुपये परवडत नाहीत आणि चाळीस मिनिटं असतील तर परीक्षेच्या मोसमात आणखी एक मुलगा हाताशी घेता येईल. पुढच्या रविवारी तो वही घेऊन येणार आहे. आणली तर व्हिडिओत दाखवते.