जोतिबाचे नाव, जोतीरावांचे पुस्तक

कोल्हापूरच्या वायव्येला, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा भरते. गुलालाने पायऱ्या लाल होतात, उंच सासनकाठ्या दोऱ्यांनी तोल सांभाळत नाचवल्या जातात. ११ एप्रिल १८२७ हा त्याच यात्रेचा दिवस. त्या दिवशी जन्मलेल्या एका माळ्याच्या मुलाचे नाव जोती ठेवले गेले, असे चरित्रकार सांगतात. घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे. त्या मुलखात जोतिबा कित्येकांचे कुलदैवत.

१८७३ मध्ये याच जोतीने, म्हणजे महात्मा फुल्यांनी, ‘गुलामगिरी’ लिहिले. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातले हे पुस्तक इतिहास म्हणून वाचले तर वाद होतील. रचना म्हणून वाचले तर थक्क व्हायला होते. वामनाने पाताळात घातलेला बळी इथे रयतेचा न्यायी राजा होतो आणि खंडोबा, जोतिबा, म्हसोबा त्याचे अधिकारी. आधार कोणता? पोथ्यांची उलटतपासणी फुल्यांनी घेतलीच, पण त्यांचे साक्षीदार घरातले होते. दसऱ्याला पुरुषमाणसे घरी परतली की बायका ओवाळताना इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो, असे म्हणत. आरतीच्या ताटाशी पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेलेले हे वाक्य फुल्यांनी सरळ पुरावा म्हणून मांडले. कुळाचा देव आणि घरातली ओवाळणी एवढ्या भांडवलावर त्यांनी पुराणच उलटे लिहिले!

पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनेही ‘बळीराज्य’ उचलले. गावात ते कोणाला समजावून सांगावे लागले नसावे.