पोटाला आधार

संध्याकाळी साडेपाचला दप्तर दारातच पडतं आणि बूट निघायच्या आधी हाक येते, "आई, भूक!" माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. जूनमध्ये घेतलेली शाळेची पँट दिवाळीपर्यंत घोट्याच्या वर गेली. अशा संध्याकाळी त्याच्या हाती बिस्किटांचा पुडा दिला तर तो उभ्या उभ्या संपतो आणि अर्ध्या तासात स्वारी पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात येते. थालीपीठ आणि दही खाऊन गेला तर मैदानावरून थेट अंधार पडल्यावरच परततो. माझी आजी अशा खाण्याला एकच शब्द वापरायची. "पोराच्या पोटाला आधार होईल असं काहीतरी दे," ती म्हणायची. हा 'आधार' म्हणजे नेमकं काय, याचा शोध गेली तीस-पस्तीस वर्षं आहारशास्त्रातही सुरू आहे.

आधी या भुकेकडे पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली आहाराच्या गरजेचे सुधारित आकडे दिले. त्यानुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० किलोकॅलरी लागतात, तर १३ ते १५ वर्षांच्या मुलाला २८६०. त्याच वयाच्या मुलीला २४००. म्हणजे ऑफिसातून आलेल्या वडिलांपेक्षा शाळेतून आलेल्या मुलाची गरज जास्त असते. त्याच्या ताटात तिसरी पोळी दिसली तर कुणी टोकायचं कारण नाही.

'वाढीचं वय आहे, भूक लागणारच' असं आपण म्हणतो. ते खरंच आहे, पण आपल्याला वाटतं त्या कारणाने नाही. उंची आणि वजन वाढवण्यासाठी शरीर जी ऊर्जा खर्च करतं ती फार थोडी असते. पहिल्या वाढदिवसाला एकूण ऊर्जेपैकी सुमारे पाच टक्के वाढीवर जातात, आणि पुढे सगळ्या बालपणात दोन टक्क्यांच्या आसपासच. उरलेली ऊर्जा धावण्यात, शरीर चालू ठेवण्यात आणि मेंदूत जाते. ख्रिस्तोफर कुझावा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की पाच वर्षांच्या आसपास मुलाचा मेंदू शरीराच्या रोजच्या ऊर्जेतला चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा एकटा घेतो. मेंदूची ही मागणी शिगेला असते त्याच वयात शरीराची वाढ सर्वांत मंद असते.

वाढीला इंधन कमी लागतं, पण विटा भरपूर लागतात. स्नायूंसाठी प्रथिनं, हाडांसाठी कॅल्शियम, रक्तासाठी लोह. इंधन साखरेतूनही मिळतं, मैद्यातूनही मिळतं. विटा तिथे मिळत नाहीत. संध्याकाळचं खाणं निवडताना मला हा फरक सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

पोट भरल्याचं मेंदूला कळतं ते अनेक वाटांनी. जठर ताणलं गेलं की त्याच्या भिंतीतले मज्जातंतू तसा निरोप वर धाडतात. जठरातूनच घ्रेलिन नावाचं संप्रेरक स्रवतं, भूक चेतवणारं. जपानमध्ये १९९९ साली ते सापडलं. जेवण झालं की त्याची पातळी उतरते. अन्न पुढे लहान आतड्यात पोहोचलं आणि त्यात प्रथिनं किंवा स्निग्ध पदार्थ असले, की आतडं आपली संप्रेरकं सोडतं. ती जठराला सांगतात, जरा सावकाश रिकामं हो. आजीच्या शब्दांतला आधार तो हा.

सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थ २४० किलोकॅलरींएवढाच मोजून दिला आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी खाणाऱ्याला विचारलं, पोट किती भरल्यासारखं वाटतंय? पांढऱ्या पावाला १०० गुण धरले तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले आणि लोणी घालून केलेल्या क्रॉसाँला अवघे ४७. केक आणि डोनटही पावाच्या खालीच राहिले. संत्रं आणि सफरचंद दुपटीच्या आसपास गेले. प्रथिनं, तंतू आणि पाणी जास्त असलेले पदार्थ वर होते, तुपकट पदार्थ खाली.

पाण्याची गोष्ट आणखी मजेची आहे. अमेरिकेत बार्बरा रोल्स यांनी स्त्रियांना जेवणाआधी तोच भात-चिकनचा पदार्थ एकदा ग्लासभर पाण्याबरोबर दिला आणि एकदा तेवढंच पाणी त्यात शिजवून सूप म्हणून दिला. सूप घेतल्यावर पुढचं जेवण लक्षणीय कमी झालं. बरोबर प्यायलेल्या पाण्याने ते साधलं नाही. अन्नात शिजलेलं पाणी पोटाला जाणवतं. आसट खिचडी, तांदळाची उकड, रस्सा असलेली उसळ यांचं बळ त्यात आहे.

इथे मात्र सावध राहायला हवं. हे दोन्ही प्रयोग मोठ्या माणसांवर झाले, आणि मोठ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा कमी खाण्याचा असतो. वाढत्या मुलाचा तो नाही. लहान मुलाचं पोट लहान. ते पातळ पेजेने गच्च भरलं तर गरजेची ऊर्जा आत जाणार तरी कुठून? म्हणून खिचडीवर तुपाची धार हवी, उकडीवर कच्च्या तेलाचा चमचा हवा. वजन कमी करणाऱ्यांच्या वाचनातले नियम मुलांच्या ताटाला लावू नयेत, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

आता थालीपीठ. भाजणीसाठी ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे हे सगळं वेगवेगळं भाजतात, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. उडीद खमंग वास सोडतो तेव्हा बाजरी करपलेली असते. मग एकत्र करून जरा जाडसर दळायचं. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळींत ते भरपूर असतं. डाळींत मेथिओनिन कमी पडतं, ते धान्य पुरवतं. म्हणून दोन्ही मिळून जी प्रथिनं होतात ती एकट्याने होत नाहीत. साठ ग्रॅम भाजणीचं एक थालीपीठ आणि वाटीभर दही मिळून दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं सहज होतात. तेवढ्याच वजनाच्या ग्लुकोज बिस्किटांत जेमतेम चार ग्रॅम असतात आणि साखर साधारण तीन चमचे. प्राथमिक शाळेतल्या पोषण आहारात एका मुलासाठी १२ ग्रॅम प्रथिनं आणि ४५० किलोकॅलरी ठरवलेल्या आहेत. त्या मापाने पाहिलं तर थालीपीठ-दही जवळपास एक जेवणच आहे.

रोज थालीपीठ लावायला वेळ नसतो, हे नोकरी करणाऱ्या कुठल्याही आईला वेगळं सांगायला नको. मूठभर भाजलेले शेंगदाणे सात ग्रॅम प्रथिनं देतात. सोबत फुटाणे आणि गुळाचा खडा. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकतो. त्याला कूट द्यावं. उकडलेलं अंडं, सकाळी बाजूला काढलेली मटकीची उसळ, सकाळच्या पोळीत गुंडाळलेली पिठल्याची वडी. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. पण गाळून केलेल्या सत्त्वात कोंडा मागे राहतो आणि कॅल्शियमचा बराच भाग त्याच्याबरोबर जातो. तान्ह्या बाळासाठी सत्त्व ठीक; शाळकरी मुलाला अख्ख्या पिठाची आंबील किंवा घावन द्यावं.

लोहाचा विषय मी हलका घेऊ शकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. दहा-बारा वर्षांच्या मुलीची लोहाची गरज त्याच वयाच्या मुलापेक्षा खूप जास्त आहे, आणि तरीही कितीतरी घरांत दुसरी वाटी आधी मुलाच्या पुढे जाते. संध्याकाळी मुलांना खाण्याबरोबर चहा देण्याची सवयही मोडायला हवी. चहातली टॅनिनं डाळी-धान्यांतलं लोह धरून ठेवतात, ते रक्तात जात नाही. उलट लिंबातलं क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करतं. पोह्यांवर, उसळीवर, भेळेवर लिंबाची फोड पिळायची ती चवीपुरती नाही. मटकीला मोड आणले की तिच्यातलं फायटिक आम्ल कमी होतं आणि लोह आणखी मोकळं होतं.

राहिला आयांचा नेहमीचा धाक: पाच वाजता इतकं खाल्लं तर रात्री जेवणार काय? लिअ‍ॅन बर्च यांनी १९९१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं खाणं सहा दिवस मोजलं. एकेका जेवणात प्रचंड चढउतार होता. सकाळी चिमणीएवढं खाणारं मूल दुपारी दुप्पट खाई. दिवसाचा हिशेब मात्र बराचसा स्थिर निघाला. एका वेळी कमी खाल्लेलं मूल पुढच्या वेळी भरून काढत होतं. हा अंदाज मुलांच्या अंगात असतो; 'ताट पुसून स्वच्छ कर' या रोजच्या आग्रहाने तो बिघडू शकतो, हेही बर्च यांच्याच कामातून पुढे आलं.

परवा माझ्याकडे तसंच झालं. संध्याकाळी दोन थालीपिठं झाली होती. रात्री आमटी संपली, पण अर्धी भाकरी ताटात ठेवून तो म्हणाला, "पोट भरलं." मी काही बोलले नाही, भाकरी झाकून ठेवली. साडेदहाला अभ्यास आवरून तो स्वयंपाकघरात आला, झाकण उघडलं, भाकरी कपातल्या दुधात कुस्करली आणि ओट्याला टेकून उभ्यानेच खाल्ली.