हृदय विश्रांती केव्हा घेते?

शरीरशास्त्राच्या तासाला हा प्रश्न हमखास येतो. आपण उत्तर देतो, ‘दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात.’ मिनिटाला ७५ ठोके धरले, तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यांपैकी सुमारे ०.३ सेकंद जवनिकांचे आकुंचन चालते आणि ०.५ सेकंद प्रसरण. पण प्रसरण म्हणजे निव्वळ विश्रांती नव्हे. आकुंचनाच्या वेळी स्नायुपेशीत पसरलेले कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घ्यावे लागते आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते.

प्रकार २ च्या मधुमेहात हृदयाचा सुरुवातीचा बिघाड बहुधा या प्रसरणातच आढळतो. पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून हृदय ग्लुकोज कमी आणि मेदाम्ले जास्त जाळते. तेवढीच ऊर्जा मिळवायला मग प्राणवायू अधिक लागतो. शिवाय जादा साखर कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते, धागे एकमेकांना जखडले जातात आणि हृदयाची भिंत ताठर होते.

वर्गात दोन ड्रॉपर घेऊन पाहू या. एक नवा, दुसरा रबर कडक झालेला. जोर लावला तर दोन्ही रिकामे होतात. सोडल्यावर मात्र जुना सावकाश भरतो. (हृदयात रक्त कर्णिकेतील दाबानेही शिरते, हा फरक मुलांना जरूर सांगावा.) ताठर जवनिका भरायला जास्त दाब लागतो. तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि जिना चढताना धाप लागते.

अशा वेळी ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण गप्प बसतो. तपासणीत हृदय रक्त किती बाहेर टाकते एवढेच पाहिले, तर आकडा नेहमीसारखाच येऊ शकतो. ते भरते कसे, हे डॉप्लर इकोकार्डिओग्राफीने कळते.

शर्ली रूब्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली चार मधुमेही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या हृदयाच्या रोहिण्यांत मोठा अडथळा नव्हता, तरीही हृदय निकामी झाले होते. १९७४ साली अमेरिकेतील फ्रामिंगहॅम येथील पाहणीत असे दिसले, की मधुमेही पुरुषांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण इतरांच्या दुप्पट, तर स्त्रियांत पाचपट होते.

आपल्यापैकी अनेक जण चाळिशी ओलांडलेले आहेत. मधुमेह असेल आणि नेहमीच्या जिन्यावर धाप लागू लागली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. साखर, रक्तदाब व वजन ताब्यात ठेवणे आणि रोज चालणे यांचा उपयोग लवकर सुरुवात केली तर अधिक होतो.

आणि पुढच्या वेळी तो प्रश्न आला, की मुलांना सांगू, ‘सैल पडणे हेही हृदयाचे कामच आहे.’