तेर्नी

मध्य इटलीच्या अंब्रिया विभागातील एक औद्योगिक शहर व याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या एक लाखाहून अधिक (२०२१). हे रोमच्या उत्तरेस रस्त्याने सु. १०० किमी. अंतरावर, टायबरची उपनदी नेरा हिच्या काठच्या सुपीक मैदानात, समुद्रसपाटीपासून सु. १३० मी. उंचीवर वसले आहे. पोलादाचा कारखाना, संत व्हॅलेंटाइनचे स्मृतिस्थान आणि शहराच्या पूर्वेस सु. ७ किमी.वर असलेला मार्मोरे धबधबा यांसाठी ते प्रसिद्ध आहे. फ्लॉरेन्स, व्हेनिस यांसारख्या नगरांच्या तुलनेने येथे परदेशी प्रवासी कमी येतात. तथापि मानवाने घडविलेल्या जगातील सर्वांत उंच धबधब्यांत गणला जाणारा हा प्रपात पाहण्यासारखा असून त्याचा दोन हजार वर्षांहून अधिक काळाचा इतिहास हा मुख्यतः पाण्याच्या हक्काचा व पुराच्या भीतीचा इतिहास आहे.

इतिहास : शहराचे प्राचीन नाव इंतेराम्ना, म्हणजे ‘दोन नद्यांमधील’ असे होते. नेरा व तिला येथे मिळणारा सेर्रा हा ओढा यांवरून ते पडले. इ. स. ३२ मधील एका शिलालेखात नगराच्या स्थापनेला ७०४ वर्षे झाल्याचा उल्लेख आहे. त्यावरून इ. स. पू. ६७२ हे स्थापनावर्ष परंपरेने मानले जाते. एकोणिसाव्या शतकात पोलाद कारखान्याच्या बांधकामाच्या वेळी सापडलेली लोहयुगीन दफनभूमी मात्र येथील वस्ती त्याहूनही जुनी असल्याचे दर्शविते. इ. स. पू. तिसऱ्या शतकात हा प्रदेश रोमनांच्या वर्चस्वाखाली आला. मध्ययुगानंतर दीर्घकाळ तो पोपच्या राज्यात होता व १८६० मध्ये एकीकृत होत असलेल्या इटलीत समाविष्ट झाला. १९२७ मध्ये तेर्नी जिल्ह्याचे ठिकाण बनले. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रास्त्रे व पोलाद यांच्या कारखान्यांमुळे ऑगस्ट १९४३ पासून शहरावर शंभराहून अधिक हवाई हल्ले झाले व जुन्या शहराचा बराच भाग उद्ध्वस्त झाला. युद्धोत्तर पुनर्रचनेत मार्यो रिदोल्फी या वास्तुशिल्पज्ञाचा मोठा वाटा होता.

मार्मोरे धबधबा : वेलीनो नदी रिएतीच्या उंच मैदानातून येऊन येथील कड्यावरून नेरा नदीच्या खोऱ्यात कोसळते. एकूण उंची सु. १६५ मी. असून पाणी तीन टप्प्यांत पडते. त्यांपैकी पहिला टप्पा सु. ८३ मी. उंचीचा आहे.

या धबधब्याचे मूळ वेलीनोच्या पाण्याच्या रासायनिक घटनेत आहे. चुनखडकांच्या प्रदेशातून वाहत येताना पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळते. उतारावर पाणी घुसळले गेले, की त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो व कॅल्शियम कार्बोनेट साक्याच्या रूपाने खाली बसते. शेवाळे व पाणवनस्पती यांवर त्याची पुटे चढत जाऊन ट्रॅव्हर्टीन हा सच्छिद्र खडक तयार होतो. हा पांढरट खडक संगमरवरासारखा दिसतो, म्हणून संगमरवराच्या लॅटिन नावावरून ‘मार्मोरे’ हे स्थलनाम आले. हजारो वर्षांच्या अशा निक्षेपणाने नदीने स्वतःच्याच वाटेत एक नैसर्गिक बांध उभा केला. त्यामागे पाणी तुंबून रिएतीचे मैदान दलदलीने व उथळ सरोवराने व्यापले गेले आणि हिवतापाचे माहेरघर बनले. आजचे प्येदिलूको सरोवर व रिएतीजवळची काही लहान सरोवरे ही त्या प्राचीन वेलीनस सरोवराचेच अवशेष होत.

सॅबाइन लोकांना इ. स. पू. २९० मध्ये जिंकणारा रोमन सेनानी मानियस क्यूरियस डेंटाटस याने इ. स. पू. २७१ मध्ये हा बांध फोडून चर खोदविला व सरोवराचे पाणी कड्यावरून नेरात सोडले, असे परंपरा सांगते. त्यामुळे रिएतीची जमीन कोरडी व अतिशय सुपीक झाली. परंतु वरच्या मैदानाचे संकट खालच्या मैदानात उतरले. नेराला पूर आला, की इंतेराम्नाची शेते व वस्ती पाण्याखाली जाऊ लागली. चर रुंद ठेवावा ही रिएतीची आणि तो अरुंद असावा ही इंतेराम्नाची मागणी तेव्हापासून सुरू झाली.

इ. स. पू. ५४ मध्ये हा वाद रोमच्या कॉन्सलपुढे गेला. रिएतीची बाजू विख्यात वक्ता सिसरो याने मांडली. क्यूरियसच्या चरामुळे रिएतीचे मैदान कोरडे होऊनही त्यात पुरेसा ओलावा टिकून आहे, असे त्याने आपला मित्र अ‍ॅटिकस यास लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. इ. स. १५ मध्ये टायबरच्या पुराने रोमचे नुकसान झाले, तेव्हा तिच्या उपनद्या अन्यत्र वळविण्याची सूचना सीनेटमध्ये आली. इतिहासकार टॅसिटसच्या वृत्तांतानुसार, नेराचे पाणी अनेक पाटांत विभागल्यास इटलीतील उत्तम शेते बुडतील, अशी तक्रार इंतेराम्नाच्या प्रतिनिधींनी केली, तर वेलीनस सरोवराचे तोंड बंद करण्यास रिएतीकरांनी विरोध दर्शविला. अखेर काहीही बदल न करण्याचा निर्णय झाला.

रोमन साम्राज्याच्या ऱ्हासानंतर चराची देखभाल थांबली. ज्या प्रक्रियेने बांध निर्माण झाला, तिनेच चरही बुजत गेला व रिएतीचे मैदान पुन्हा पाणथळ झाले. पंधराव्या शतकात नवा चर खोदण्यात आला. पुढील शतकात पोप तिसरा पॉल याने अंतोन्यो दा सांगाल्लो (धाकटा) या प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाकडे हे काम सोपविले. त्याच कामात असताना तो हिवतापाने आजारी पडला व १५४६ मध्ये तेर्नी येथे मरण पावला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोप आठवा क्लेमेंट याच्या आज्ञेने जोव्हान्नी फोंताना याने जुन्या रोमन चराचा उपयोग करून तो रुंद व खोल केला. तरीही, वरून सरळ कोसळणारे पाणी व त्याबरोबर येणारा गाळ-दगड यांमुळे पायथ्याशी नेराचा प्रवाह अडून तेर्नीच्या बाजूस पूर येतच राहिले. १७८७ च्या सुमारास आंद्रेआ व्हीची याने कड्याच्या टप्प्यांवर तिरकस छेद देऊन पडणाऱ्या पाण्याची दिशा बदलली. धबधब्याचे आजचे रूप मुख्यतः याच कामातून आले आहे. विसाव्या शतकात रिएतीच्या वरच्या अंगाला साल्तो व तुरानो या नद्यांवर धरणे बांधल्यावर तेथील पुराचा प्रश्न बराच सौम्य झाला.

साहित्य व कला : रोमन कवी व्हर्जिल याच्या ईनिड या महाकाव्याच्या सातव्या सर्गात नेरा व वेलीनो या दोन्ही नद्यांचा उल्लेख आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत रोम व फ्लॉरेन्स यांदरम्यान प्रवास करणारे यूरोपीय वाट वाकडी करून हा धबधबा पाहत. इंग्रज कवी बायरन याने १८१७ मध्ये त्याला भेट दिली व चाइल्ड हॅरल्डच्या १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या सर्गात त्याचे वर्णन केले. फ्रेंच चित्रकार कोरो याने १८२६ मध्ये त्याचे चित्र रंगविले. स्थानिक दंतकथेनुसार नेरा ही अप्सरा व वेलीनो हा मेंढपाळ यांचे एकमेकांवर प्रेम होते. देवीच्या कोपाने नेराची नदी झाली, तेव्हा वेलीनोने तिला भेटण्यासाठी कड्यावरून उडी घेतली.

उद्योग व जलविद्युत् : ज्या पाण्याची शतकानुशतके भीती वाटली, तेच पुढे शहराचे भांडवल ठरले. स्वस्त जलशक्ती आणि किनारा व सरहद्द यांपासून दूर असलेले सुरक्षित स्थान पाहून १८७५ मध्ये येथे सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्याची व १८८४ मध्ये इटालियन नौदलाला चिलखती पत्रे पुरविणाऱ्या पोलाद कारखान्याची स्थापना झाली. वाढत्या उद्योगांमुळे तेर्नीला ‘इटलीचे मँचेस्टर’ म्हटले जाऊ लागले. १९२९ मध्ये गाल्लेतो येथील जलविद्युत् केंद्र कार्यान्वित झाले. प्येदिलूको सरोवर हे त्याचा जलाशय असून सु. ४२ किमी. लांबीच्या कालव्याने नेराचे वरच्या भागातील पाणीही या सरोवरात आणले आहे. पोलाद कारखान्यात मुख्यतः अगंज पोलाद तयार होते. १९९४ मध्ये त्याचे खासगीकरण झाले व २०२२ मध्ये तो आर्व्हेदी या इटालियन उद्योगसमूहाकडे गेला. पापीन्यो येथील कॅल्शियम कार्बाइडचा कारखाना १९७३ मध्ये बंद पडला. त्याच्या इमारतींत पुढे चित्रपटनिर्मिती केंद्र उभे राहिले. रोबेर्तो बेनीन्यी याच्या १९९७ च्या ला व्हीता ए बेल्ला या चित्रपटाचे काही चित्रीकरण तेथे झाले.

प्रवास व प्रेक्षणीय स्थळे : वीजनिर्मितीसाठी पाणी वळविले जात असल्याने धबधबा सर्वकाळ पूर्ण रूपात दिसत नाही. दरवाजे बंद असताना कड्यावरून बारीक धारा तेवढ्या ओघळतात. पाणी सोडण्याच्या वेळा ऋतूनुसार ठरलेल्या असतात. उन्हाळ्यात व सुटीच्या दिवशी त्या अधिक, तर हिवाळ्यात कमी असतात. त्यामुळे निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहणे अगत्याचे ठरते. भोंग्याचा इशारा झाल्यावर दरवाजे उघडतात व काही मिनिटांतच प्रवाह भरून वाहू लागतो. कोरड्या कड्यापासून ते तुषारांनी दरी भरून जाईपर्यंतचे हे स्थित्यंतर पाहण्यासाठी थोडे आधीच पोहोचणे चांगले. प्रवेशासाठी शुल्क आहे. खालच्या सज्जातून तिन्ही टप्पे एकत्र दिसतात, तर वरच्या बाजूने पाणी कड्यावरून झेपावताना दिसते. दोहोंना जोडणारी पायवाट चढणीची व निसरडी आहे. ज्यांना ती झेपणार नाही, त्यांच्यासाठी बसची सोय असते. बोगद्यातून जाता येणारी ‘प्रेमिकांची गच्ची’ पहिल्या टप्प्याच्या अगदी जवळ असल्याने तेथे अंग भिजतेच. रोमहून तेर्नीपर्यंत रेल्वेने सु. एक तास लागतो. तेर्नी–रिएती–सुल्मोना या लोहमार्गावर मार्मोरे हे स्थानक आहे.

शहरात इ. स. पहिल्या शतकातील रोमन रंगमंडलाचे अवशेष, प्रमुख चर्च व सान साल्व्हातोरे हे प्राचीन चर्च पाहण्याजोगे आहे. टेकडीवरील चर्चमध्ये तेर्नीचा बिशप व हुतात्मा संत व्हॅलेंटाइन याचे अवशेष असल्याचे मानले जाते. १४ फेब्रुवारी या त्याच्या स्मृतिदिनाच्या सुमारास येथे उत्सव होतो. रेल्वेस्थानकासमोर पोलाद कारखान्यातील १२,००० टन क्षमतेचा जुना दाबयंत्रसंच स्मारक म्हणून उभा आहे. सुका मेवा, चॉकोलेट व मिरी यांपासून केलेला ‘पांपेपातो’ हा नाताळातील गोड पदार्थ येथील वैशिष्ट्य होय. जवळच प्येदिलूको सरोवर, कार्सूले या रोमन नगराचे अवशेष आणि सम्राट ऑगस्टसच्या काळातील पुलासाठी प्रसिद्ध असलेले नार्नी ही ठिकाणे आहेत.